लाकडी गिऱ्हाइकांच्या नगरात दुकान थाटताना

ज्यांना नोकरीचा वीट आला आहे, ज्यांच्या हातात कला नसली तरी बोटांत अंगठ्या आहेत, आणि आता चमत्कारांचाच व्यापार करावा असे ज्यांच्या मनाने घेतले आहे, त्या वाचकांनी जागेसाठी दलालाचे उंबरे न झिजवता थेट सोमदेवाकडे जावे. हा काश्मीरचा पंडित. अकराव्या शतकात अनंत राजाची राणी सूर्यवती हिचे मन रमावे म्हणून त्याने 18 लंबकांचा, म्हणजे खंडांचा, आणि 124 तरंगांचा, म्हणजे अध्यायांचा, ‘कथासरित्सागर’ रचला. त्याचे मूळ आपल्या पैठणकर गुणाढ्याच्या बृहत्कथेत आहे, असे तो स्वतःच सांगतो. गुणाढ्याने सात लक्ष श्लोक लिहिले, राजा सातवाहनाने ते नाकारले, आणि मग त्याने त्यांतले सहा लक्ष पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळून टाकले. मालाची जाहिरात न करणाऱ्या माणसाचे काय होते, याचा हा धडा आपण दुकान उघडण्यापूर्वीच घेतलेला बरा.

याच ग्रंथाच्या सातव्या लंबकात आपली जागा आहे. वत्सदेशाचा राजपुत्र नरवाहनदत्त आणि त्याचा मित्र गोमुख समुद्राकाठच्या एका नगरात शिरतात. पेठ भरलेली असते, वाणी दुकानांत बसलेले असतात, बायका येत-जात असतात, नागरिक हिंडत असतात, आणि यांतला प्रत्येक जण लाकडाचा असतो. हालचाली इतक्या हुबेहूब, की ही माणसे निर्जीव आहेत हे कळते ते केवळ एका गोष्टीवरून: त्यांतले कोणी बोलत नाही. पुढे राजवाड्यात, लाकडी द्वारपाळांच्या आणि लाकडी दासींच्या गराड्यात, रत्नांच्या सिंहासनावर हाडामांसाचा एकच माणूस बसलेला आढळतो. त्याचे नाव राज्यधर. तो राजा नाही, सुतार आहे. हे ओसाड नगर त्याला आयतेच सापडले, तेथे जेवणखाण आणि वस्त्रेही मनात येताच मिळू लागली, पण माणसे काही मिळेनात, म्हणून ती त्याने स्वतः घडवली.

जागा म्हणून या नगराइतके सोयीचे दुसरे काही मला माहीत नाही. ज्या पेठेत गिऱ्हाईक तोंड उघडत नाही, तेथे पागडी कितीही मागितली तरी ती मुकाट्याने मोजावी. बोलणारे गिऱ्हाईक प्रथम भाव विचारते, मग माल कोठला ते विचारते, आणि शेवटी हा चालतो कसा, असेही विचारते. या तिसऱ्या प्रश्नाने आजवर जितकी दुकाने बसली तितकी मंदीनेही बसली नसतील. पुण्यात हीच व्यवस्था उलट बाजूने बसवून पाहिली गेली, म्हणजे गिऱ्हाईक बोलते आणि दुकानदार बोलत नाही. परंतु तिच्यात दुकानदाराला निदान मान वर करण्याचे श्रम पडतात.

आता, सगळेच गिऱ्हाईक मुके असले तर दुकानाची कीर्ती कोण गाणार, अशी शंका चाणाक्ष वाचकाला येईल. तिचेही निरसन सोमदेवाने करून ठेवले आहे. मयासुराची कन्या सोमप्रभा आपली मैत्रीण कलिंगसेना हिच्याकडे एक करंडी घेऊन येते. करंडीत लाकडाच्या बाहुल्या असतात. एकीची खीळ दाबताच ती आकाशमार्गे जाऊन फुलांची माळ घेऊन येते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते, चौथी गप्पा मारते. मग सोमप्रभा यंत्रांचे पाच प्रकार सांगते: पृथ्वीचे यंत्र दारे अशी बंद करते की ती इंद्रालाही उघडत नाहीत, जलयंत्रातून निघालेल्या आकृती सजीव भासतात, तेजोयंत्र ज्वाळा ओकते, वातयंत्र येणे-जाणे अशा क्रिया करते, आणि आकाशयंत्र स्पष्ट भाषेत बोलते. या पाचांपैकी आपण कोणत्या यंत्रावर पैसा लावावा, हे सांगण्यास ज्योतिषी नको. आकाशयंत्र स्पष्ट बोलते, एवढेच ग्रंथात म्हटले आहे. खरे बोलते, असे म्हटलेले नाही. दुकानाच्या दर्शनी भागात असे एखादे यंत्र बसवून ठेवले, आणि ‘आपल्या सेवेसाठी आम्ही सदैव तत्पर आहोत’ एवढे वाक्य त्याला न थकता म्हणता आले, की तक्रार घेऊन आलेला मनुष्य अर्ध्या घटकेत स्वतःच लाकडाचा होऊन बाहेर पडतो. हल्ली हे यंत्र टेलिफोनच्या तारेतूनही काम करते.

भांडवलाची चिंता नवशिक्यांना उगाच पोखरते. राज्यधर मूळचा कांची नगरीचा. बाहुबल राजाच्या राज्यात तो आणि त्याचा थोरला भाऊ प्राणधर, दोघेही मयाच्या विद्येतले कसबी कारागीर. थोरल्याला गणिकांचा नाद लागला. वडिलांचा पैसा संपला, स्वतःचा संपला, धाकट्याने मायेपोटी दिलेलाही संपला. तेव्हा त्याने हंसांची एक लाकडी जोडी घडवली आणि तिला दोऱ्या लावल्या. रात्री दोरी ओढावी, हंसांनी खिडकीतून राजाच्या भांडारात शिरावे आणि चोचीत दागिने धरून परत यावे, असा हा उद्योग बरेच दिवस सुरळीत चालला. भांडारप्रमुख बिचारा चक्रावून गेला: कुलपे शाबूत, उंदरांचा मागमूस नाही, आणि ऐवज मात्र रोज कमी. सरकारी तिजोरीतून पैसा कसा काढावा याचे इतके निरुपद्रवी दिसणारे वर्णन अन्यत्र आढळत नाही. मराठीत यासाठी ‘कळसूत्री’ हा शब्द आधीपासून तयार आहे: कळही आली आणि सूत्रही आले. फरक एवढाच, की कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात तेव्हा दोऱ्या लोकांना दिसतात आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. आपल्या धंद्यात मात्र हंस लोकांना दिसावा आणि दोरी आपल्यालाच जाणवावी, असा नियम आहे.

ती दोरी सैल पडली की काय करावे, हेही प्राणधराकडूनच शिकावे. पाळतीवर बसलेल्या पहारेकऱ्यांनी मध्यरात्री हंस धरले. हातातली दोरी ढिली पडताच थोरला भाऊ ओळखून चुकला, की अशी करामत करणारे गावात आपण दोघेच, तेव्हा उजाडताच आपण सापडणार. त्याच्यापाशी एक विमान होते, एकदा कळ दाबली की आठशे योजने जाणारे. त्यात बायकामुलांसह बसून तो निघून गेला. चोरी करू नकोस म्हणून भावाला वारंवार सांगणारा राज्यधर दुसऱ्या विमानात बसला. ते एका दमात दोनशेच योजने जाई. पुन्हा कळ दाबून त्याने आणखी दोनशे योजने काटली, मग समोर समुद्र पाहून घाबरला, खाली उतरला आणि उरलेली वाट पायी चालला. भागीदारी करताना आठशे योजनांचे विमान कोणाच्या नावावर आहे, ते कागदपत्रांत नीट पाहून घ्यावे. पुढे नरवाहनदत्त समुद्रापार कर्पूरसंभव नगरात पोहोचतो, तेव्हा हाच प्राणधर तेथल्या राजाच्या पदरी सन्मानाने काम करताना दिसतो, आणि एका वेळी हजार माणसे वाहून नेणारे विमान तयार करून देतो. जुन्या राज्यातला फरारी नव्या राज्यात सरकारी कामाचा मक्तेदार होतो, आणि कांचीच्या भांडाराचा विषय कोणी काढत नाही. सोमदेवही काढत नाही.

येथवरचे सगळे कोणालाही जमेल. खरी कसोटी लागते ती दुकानामागच्या कारखान्यात.

कारखाना असावा, परंतु तो गिऱ्हाइकाला दिसू नये. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळे मिळतात, आणि ती लाकडाची आहेत असे विकणाराच सांगतो. असला व्यापार आपल्याला करावयाचा नाही. मागच्या दाराला पडदा असावा, पडद्याआड रंधा चालल्याचा आवाज यावा, अधूनमधून थोडा भुसा बाहेर उडावा, आणि कोणी डोकावू लागलाच तर त्याला भोजराजाचे वचन ऐकवावे. धारच्या परमार भोजाच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ याच अकराव्या शतकातला, आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो 1924 व 1925 साली दोन भागांत छापला गेला. त्याच्या एकतिसाव्या अध्यायात यंत्रेच यंत्रे आहेत: दिव्यात तेल घालणारी पुतळी आहे, तालावर नाचणाऱ्या बाहुल्या आहेत, पोटात पारा आणि त्याखाली अग्नी ठेवून उडवायचा हलक्या लाकडाचा पक्षीही आहे. आणि त्याच अध्यायात ग्रंथकार म्हणतो, की यंत्रांची घडण मी सांगितलेली नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे. कारण ती उघड केली तर फळ देत नाहीत.

हे वचन वाचकाने तोंडपाठ करावे, किंबहुना रंगवून दुकानावर लावावे. ‘गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे’ यात संपूर्ण व्यापारशास्त्र आले आहे. ज्याला येते तोही हेच म्हणतो आणि ज्याला येत नाही तोही हेच म्हणतो, त्यामुळे दोघांच्या दुकानाची पाटी एकसारखी दिसते. भोजाने त्याच अध्यायात यंत्रकाराला काय काय लागते तेही सांगितले आहे, म्हणजे परंपरेने आलेले कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, प्रत्यक्ष कामातला उद्योग आणि बुद्धी. पण पाटीवर जागा थोडी असते. तो भाग गाळला तरी चालेल.

गुप्ततेचा याहून कडक संप्रदायही आहे. ‘लोकपञ्ञत्ति’ या पाली ग्रंथातल्या कथेप्रमाणे रोमकांच्या देशातील यंत्रकारांना देश सोडण्याची मुभा नव्हती. कोणी निघालाच, तर यंत्रच त्याच्या मागे जाऊन त्याला ठार करी. ती विद्या पाटलिपुत्रात आणण्यासाठी एकाने आराखडा आपल्या मांडीत शिवून घेतला आणि मुलाला सांगून ठेवले, की मी मेल्यावर प्रेत घरी ने. नोकर सोडून जाताना आपल्या कारखान्यातही असाच बंदोबस्त ठेवावासा वाटेल. मात्र तेवढा खर्च नव्या धंद्याला झेपत नाही, आणि सुदैवाने आता त्याची गरजही राहिलेली नाही, कारण भोजाचे ते वचन हल्ली बोटभर कागदावर छापून मिळते. त्याचे आधुनिक रूप मला माझ्याच घरात सापडले.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून आमच्या आईने वीज वाचवणारी डबी आणली. ती आठशे योजनांच्या विमानाइतक्याच आकड्याला, म्हणजे आठशे रुपयांना पडली. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचायची, तिचा हिरवा दिवा लागला की घरातली वीज शुद्ध होते आणि बिल निम्म्यावर येते, असे विक्रेत्याने सांगितले होते. दोन बिले आली, निम्म्यावर एकही आले नाही. तेव्हा एका रविवारी मी डबी पालथी केली. चार स्क्रू होते, आणि त्यांतल्या एकावर चंदेरी कागद चिकटवलेला होता: उघडल्यास हमी रद्द. मी नखाने तो कागद सोलला आणि स्क्रू काढले. आत एक काळा कपॅसिटर होता, एक हिरवा दिवा होता, त्याला जोडलेला एक रोधक होता, आणि उरलेली जागा रिकामी होती. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा, सुधारतो हे खरे, आणि मोठ्या कारखान्यांना त्याचा बिलात उपयोगही होतो. परंतु आमच्यासारख्या घरांचे बिल येते ते वापरलेल्या युनिटांवर, म्हणजे किलोवॅट-तासांवर, आणि त्यांत या डबीने काही फरक पडत नाही. पडलाच तर तिच्या हिरव्या दिव्यापुरता पडतो, आणि तो वाढीचा.

हे सगळे मी आईला समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “उघडलंस ना तू ते? मग आता कसं चालेल?”

भोजाला इतका सरळ भाष्यकार लाभला नसेल. वाचकहो, असे गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर आले तर त्याला बसायला पाट द्यावा, सरबत द्यावे, परंतु दारातून परत पाठवू नये. लाकडाच्या हजार नागरिकांपेक्षा ते एक मोलाचे आहे.

आईने स्क्रू परत बसवायला लावले, चंदेरी कागदाचा तुकडा भाताच्या शिताने होता तेथे चिकटवला, आणि डबी पुन्हा खोचली. हिरवा दिवा लागला. त्यानंतर ती पंधरा दिवस मावशीकडे नाशिकला राहून आली. तेवढे दिवस घरातला टीव्ही बंद होता, गिझर बंद होता आणि मी बाहेरच जेवत होतो. महिनाअखेर बिल आले ते एकशे ऐंशी रुपयांनी कमी. तिने ते माझ्यासमोर धरले आणि म्हणाली, “बघ.” मी बिल हातात घेतले, नीट पाहिले, मान हलवली, आणि काही न बोलता परत दिले.