पाचपैकी पाच

काल वरून शेरा आला: 'सर्व अभिप्राय पाचपैकी पाच. घरी बसून भरल्याचा संशय.' घरी बसून! कांदाटी खोरं पायाखाली घालून आलेल्या माणसाला! कोयना धरणाचं पाणी आत शिरल्यापासून तिथं जायचं तर तापोळ्याहून लाँच, उतरलं की चढ, आणि चढ संपला की चार घरं, त्यांतल्या तिनांना कुलूप. माणसं मुंबईला, माथाडीत.

काम एवढंच, आरोग्य उपकेंद्राच्या सेवेबद्दल लोकांचं मत टॅबमध्ये भरायचं. उघड्या घराच्या ओसरीवर आज्जी होत्या. शेजारी, कुणी न बोलावता, तात्या.

"आज्जी, नर्सबाईंना पाचपैकी किती गुण द्याल?"

"बाई येती कवाकवा, पर..."

"पाच लिवा," तात्या म्हणाले.

"तात्या, त्यांना बोलू द्या की."

"बोलंल. चार दिलं आन बाईची बदली झाली, मंग? दुसरी येईस्तवर गोळ्या काय तुमी देणार?"

"अहो, नाव गुप्त राहतं."

"गुप्त?" तात्या उठून उभेच राहिले. "ह्या डोंगरावर गुडघं दुखणारी म्हातारी एकच हाय. 'गुडघ्याची गोळी मिळाली न्हाई' येवढं लिवलं की बाईला घर कळलं!"

नेमका तेव्हाच टॅबनं फोटो मागितला. प्रतिसादकर्त्याचा, घरासमोर उभं राहून, बंधनकारक. तात्या माझ्याकडं बघत राहिले. आज्जींनी मात्र लगबगीनं पदर सावरला.

मग ओटीपी. तो गेला आज्जींच्या लेकाच्या मोबाइलवर, वाशी मार्केटात. रेंजसाठी टेपावर चढून फोन लावला, तर लेक म्हणाला, "ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून तुम्हीच बोंबलता ना?" आणि ठेवला. शेवटी तात्याच वर आले, त्याला चार शिव्या हासडल्या, तेव्हा आकडे मिळाले.

डोंगरी भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, सपाटीवर 5000 मागे, हा निकष. डोकी मोजली, डोक्यांमधले डोंगर कुणी मोजायचे? बाईही एकटीच, तिची दमछाक तिलाच माहीत. दुसरा दवाखाना जवळपास नसताना लोकांना पसंती विचारणं ही थट्टाच आहे. धास्तीनं दिलेला पाचही तक्त्यात हिरवाच उमटतो, आणि खोटारडा ठरतो कोण, तर मी.

"काही सूचना?" मी शेवटचं विचारलं.

"मागल्या साली आलेल्याला सांगितलीया. ती वाचून दावा आदी."

ती टॅबमध्ये नव्हती. "परत सांगा ना तात्या."

"लांच सांच्याला बंद हुती. रातच्याला पान लागलं तर मानूस न्यायचा कसा, येवढं इचारा."

रकाने होते स्वच्छतेचे, वागणुकीचे, बसायच्या बाकांचे. मी 'इतर' उघडलं. त्याला अक्षरांची मर्यादा होती. 'रात्री लाँच नाही, साप चावला तर' इथपर्यंत मावलं.