मूठभर शिंपल्यांनी पिलांची हाडं बळकट होत नाहीत

गोव्यातल्या डुक्करपालकांमध्ये सध्या एक सल्ला फिरतो आहे: दूध तोडलेल्या पिलांना रोज मूठभर तिसऱ्यांच्या शिंपल्यांची भुकटी घाला, हे कॅल्शियम नैसर्गिक, डीसीपीची (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही देणारी खनिज भुकटी) गरज नाही, जास्त झालं तर विष्ठेतून निघून जातं, लंगडणारं पिलू आठवड्यात उभं राहतं. यातलं मूळ निरीक्षण खरं आहे. भाताचा कोंडा, मका आणि खोबऱ्याची पेंड यांत कॅल्शियम फारच कमी असतं. चूक पुढे आहे.

नैसर्गिक म्हणाल, तर शिंपला आणि चुनखडी दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. दोन्हींत साधारण 38 टक्के कॅल्शियम. शिंपले फुकट मिळतात तर जरूर वापरा. चिकटलेलं मांस उकळून काढा, गोड्या पाण्यात धुऊन वाळू आणि खार घालवा, कडक उन्हात वाळवून कांडा, बारीक चाळा. भट्टीत भाजलेला चुना मात्र देऊ नका, त्याने तोंड पोळतं.

सगळ्यात घातक आहे तो डीसीपी टाळण्याचा सल्ला. हाडात कॅल्शियम फॉस्फरसबरोबरच बसतं, वजनाने साधारण 2 ला 1. शिंपल्यात फॉस्फरस जवळजवळ नाही. कोंड्यात तो भरपूर, पण बहुतेक फायटेट या धान्यातल्या संयुगात अडकलेला, आणि डुकराला तो नीट सोडवता येत नाही. त्यावर जादा कॅल्शियम पडलं की फायटेटची गाठ आणखी घट्ट होते. पिलू पोटभर खातं, तरी सांधे सुजतात, पाय वाकतात.

आता मुठीचा हिशेब. 15 किलोचं पिलू दिवसाला अंदाजे 800 ग्रॅम खाद्य खातं. त्यात 0.7 टक्के कॅल्शियम हवं, म्हणजे साडेपाच ग्रॅमच्या आसपास. मूठ 50 ग्रॅमची धरली, तर तेवढ्या भुकटीतून जातं 19 ग्रॅम. जादा कॅल्शियम विष्ठेतून जातं खरं, पण आतड्यात असताना झिंकचं शोषणही अडवतं. मग कातडीवर कोरडे, जाड पापुद्रे धरतात आणि लोक खरूज समजून औषध लावत बसतात. हा आजार झिंकने बरा होतो, हे टकर आणि सॅमन या संशोधकांनी 1955 सालीच दाखवलं होतं. शिवाय कार्बोनेट पोटातलं आम्ल मारतं. नुकतं दूध तुटलेल्या पिलात ते आधीच कमी असतं, त्यामुळे हगवणीला वाट मिळते.

11 ते 25 किलोच्या पिलांसाठी मका आणि सोयाबीन पेंडीच्या 100 किलो खाद्यात 1 किलो डीसीपी, 1 किलो शिंपला भुकटी, 300 ग्रॅम मीठ आणि झिंक व जीवनसत्त्व डी-3 असलेलं प्रीमिक्स (जीवनसत्त्वं आणि खनिजांचं तयार मिश्रण) पाकिटावरच्या मापाने मिसळा. खारवलेली सुकी मासळी घालत असाल तर मीठ वगळा आणि पाणी कधीही तुटू देऊ नका, नाहीतर मिठाची विषबाधा होते. हॉटेलातल्या मासळीच्या काट्यांत कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही असतात. पण ते उकळून कुटूनच द्या, आणि दर बादलीत प्रमाण बदलतं म्हणून त्यांच्या भरवशावर डीसीपी बंद करू नका.

राहिलं लंगडणं. एकाच पिलाचा एकच सांधा गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल, तर बहुधा नाळेतून किंवा जखमेतून शिरलेला संसर्ग आहे. त्याला भुकटी नाही, त्याच दिवशी पशुवैद्य लागतो. एका वयाची अनेक पिलं ताप नसताना लंगडू लागली, तर खाद्याचं मिश्रण तपासा.