आठ मांजरं आणि मागाहून लावलेला क्रम

आठ मांजरांची ती पट्टी तुमच्याही मोबाईलवर येऊन गेली असेल. पहिलं मांजर गोंडस, पुढचं डोळे वटारलेलं, मग अंगाभोवती रंगांची वलयं, आणि शेवटी मांजर गायब, नुसती नक्षी. सोबत मजकूर : ‘लुई वेन या इंग्रज चित्रकाराचा स्किझोफ्रेनिया कसा वाढत गेला, ते त्याच्याच चित्रांत पाहा.’

‘वाढत गेला’ म्हणायचं तर आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं हे ठाऊक हवं. या चित्रांवर तारखाच नाहीत. वॉल्टर मॅक्ले या मनोविकारतज्ज्ञाला ती १९३९च्या सुमारास लंडनमधल्या एका दुकानात सापडली आणि क्रमही त्यानेच लावला. आजार बळावला की चित्र बिघडत जाणार, हे गृहीत धरूनच लावला. पुढे तोच क्रम त्या गृहीतकाचा पुरावा म्हणून मिरवू लागला!

बरं, वेन १९२४ साली मनोरुग्णालयात दाखल झाला आणि १९३९मध्ये वारला. या काळातही जुन्या वळणाची मांजरं तो काढतच होता. लंडनच्या बेथलेम या मनोरुग्णालयात नाताळच्या सजावटीसाठी त्याने चक्क आरशांवर मांजरं रंगवली. चांगली ओळखू येणारी, सण साजरा करणारी. ती त्या पट्टीत कुठे बसवायची?

‘शेवटच्या चित्रांत मन विखुरलेलं दिसतं,’ असंही सांगतात. जरा मोठं करून पाहा. डावीकडचं वळण उजवीकडे जसंच्या तसं उलटून आलंय. विखुरलेलं काय आहे त्यात? इतकी मोजूनमापून केलेली नक्षी सरावाच्या हाताचीच असते. वेनचे वडील कापडाच्या व्यापारातले, आई गालिच्यांची नक्षी काढणारी. नक्षी त्याच्या घरातच होती.

स्किझोफ्रेनियाच्या निदानावरही पुढे शंका घेतली गेली. चित्रं पाहून तो वाद मिटणार नाही, म्हणून सोडून देतो.

काही जण या पट्टीला ‘आर्ट थेरपीतली’, म्हणजे चित्रं काढून घेत केलेल्या मानसिक उपचारातली, चित्रं म्हणतात. आर्ट थेरपी हा शब्द एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने वापरात आणला १९४२ साली, वेन गेल्यानंतर. आणि त्या उपचारातही चित्र म्हणजे मनाचा एक्स-रे नव्हे. थेरपिस्ट चित्र काढणाऱ्यालाच विचारतो, ‘आभाळ काळं का?’ उत्तर दुःखाचं असू शकतं. निळा रंग संपला होता, असंही असू शकतं.