कारखाना तालुक्यात आणायचा असेल, तर मजुरीचा हिशोब नीट मांडा

मागास तालुक्यात उद्योग यावेत म्हणून बैठक भरली, की कुणीतरी म्हणतंच, "आमच्याकडे मजूर स्वस्त आहे." समोर बसलेला कारखानदार मान डोलावतो, चहा घेतो आणि निघून जातो. या वाक्याने आपल्या तालुक्यांचं फार नुकसान केलं आहे, असं माझं ठाम मत आहे. कारखानदार मजूर विकत घेत नाही. त्याला तयार शर्ट हवा असतो, मीटरभर कापड हवं असतं, आणि तो त्यावर पडणारा खर्च मोजतो. आपण मात्र दिवसाची हजेरी सांगून मोकळे होतो.

उदाहरण नवापूरचं घेऊ. हा तालुका नंदुरबारचा, आणि नंदुरबार हा आकांक्षित, म्हणजे केंद्राच्या यादीतला मागास जिल्हा. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. सुरत-भुसावळ लोहमार्ग गावातून जातो, राष्ट्रीय महामार्ग ५३ ही जवळच, एमआयडीसी आहे आणि सुरत शे-सव्वाशे किलोमीटरवर. म्हणजे इथे तुलना पुण्याशी करून उपयोग नाही, ती सुरतशीच व्हायला हवी. आणि घोळ इथूनच सुरू होतो.

महाराष्ट्रात किमान वेतन परिमंडळांनुसार, म्हणजे शहरी-ग्रामीण अशा भागांनुसार ठरतं. मूळ वेतन अधिक विशेष (महागाईचा) भत्ता असा महिन्याचा दर निघतो आणि भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. गुजरातेत दोन झोन आहेत, दर रोजाचा असतो आणि महागाईचा भाग एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. कुणी इकडचा जुलैचा आकडा तिकडच्या मार्चच्या आकड्याशेजारी ठेवला, तर तक्ता पहिल्याच ओळीत चुकला. तारीख एकच धरा आणि रोजाला २६ ने गुणून महिना काढा. शिवाय अकुशलची तुलना अकुशलशीच झाली पाहिजे. सुरतच्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी हा जुना रिवाज आहे. त्या कारागिराची महिन्याची कमाई आपल्या आठ तासांच्या पगाराशेजारी लिहिली, की सुरत महाग वाटते. तासावर भागा, मग खरं चित्र दिसतं.

आता पगार आणि खर्च यांतला फरक पाहू. पुढचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरले आहेत, तुम्ही आपल्या उद्योगाचे घाला. समजा शहरी परिमंडळात मूळ अधिक भत्ता १३,००० रुपये. ५० किंवा जास्त कामगार असतील तर ५ टक्के घरभाडे भत्ता, म्हणजे ६५०. मालकाचा पीएफ प्रशासकीय आणि विमा आकारासह १३ टक्के, १,६९०. ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) मालकाचा वाटा पगार आणि घरभाडे मिळून ३.२५ टक्के, ४४४. बोनस किमान ८.३३ टक्के, १,०८३. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ६२५. बेरीज १७,४९२. म्हणजे १३,००० चा माणूस मालकाला साडेसतरा हजारांना पडतो.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. वर्षाचे ३१२ पगारी दिवस धरले, त्यातून ८ सणांच्या सुट्ट्या आणि सुमारे १५ दिवसांची हक्काची रजा गेली, की काम होतं २८९ दिवस, म्हणजे २,३१२ तास. वर्षाचा खर्च २,०९,९०४ रुपये. भागाकार केला तर तासाला ९१ रुपये. नुसते १३,००० भागिले २०८ तास केले असते तर ६२ रुपये ५० पैसे आले असते. आपल्या सादरीकरणांत हा साडेबासष्टवाला आकडा असतो आणि कारखानदाराच्या वहीत ९१ वाला.

आपल्या ग्रामीण परिमंडळात मूळ वेतन १,२०० रुपयांनी कमी आहे असं धरा. वरची सगळी टक्केवारी लावली तर बचत महिन्याला १,६१५ आणि तासाचा खर्च ८२ रुपये. चांगलं आहे. पण कामगार २० किलोमीटरवरच्या पाड्यांवरून येणार असतील, तर गाडी लागते. ४० जणांची बस महिन्याला ६०,००० ला पडली, तर माणशी १,५००. तासाचा खर्च पुन्हा ९० रुपयांवर! परिमंडळाचा सगळा फायदा बसच्या डिझेलात गेला. म्हणून मी म्हणतो, एमआयडीसीचा भूखंड कुठे आहे यापेक्षा त्याच्या आठ किलोमीटरच्या आत किती कामाची माणसं राहतात, हे आधी मोजा. सायकलवर येणारा कामगार हाच तालुक्याचा खरा फायदा आहे.

याहून मोठी गोष्ट कार्यक्षमतेची. शिलाईचा कारखाना घ्या. एका शर्टाला प्रमाण वेळ २० मिनिटं धरली (गारमेंटवाले तिला सॅम म्हणतात), तर ५० टक्के कार्यक्षमतेची जुनी लाइन माणशी आठ तासांत १२ शर्ट काढते. नवी लाइन ३५ टक्क्यांवर चालते, तिचे ८.४. शहरात ९१ रुपये तासाने शर्टामागे मजुरी पडली सुमारे ६१. आपल्याकडे ८२ रुपये तासानेही ७८, आणि बस धरली तर ८६. स्वस्त मजुराचा शर्ट महाग निघाला. बरोबरीला यायचं तर बसविना ४५ टक्के आणि बससह साडेएकोणपन्नास टक्के कार्यक्षमता गाठावी लागते. तालुक्याने कारखानदारासमोर हाच आकडा ठेवायला हवा. तो गाठायला किती महिने लागतील आणि तोवरचं प्रशिक्षण कोण देणार, हेही लिहून द्या. आयटीआयमध्ये शिलाईचा ट्रेड नावापुरता असेल आणि औद्योगिक मशिनऐवजी घरगुती मशिनवर शिकवत असतील, तर ते आधी सुधारा. शिकाऊ उमेदवारांच्या केंद्रीय योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, वाटा सरकार देतं. लहान कारखानदारांना ही गोष्ट माहीतच नसते.

मग तालुक्याकडे देण्यासारखं काय आहे? माझ्या मते स्थैर्य, आणि त्याचीही किंमत रुपयांत काढता येते. नवा माणूस पहिले तीन महिने निम्म्या वेगाने काम करतो असं धरलं, तर प्रत्येक नव्या भरतीचं नुकसान सुमारे २६,२५० रुपये. १०० कामगारांच्या कारखान्यात महिन्याला ८ टक्के गळती असेल, म्हणजे तेवढे काम सोडून जात असतील, तर वर्षात ९६ भरत्या, २५ लाख २० हजार, म्हणजे माणशी महिन्याला २,१००. गळती २ टक्के असेल तर माणशी ५२५. फरक १,५७५ रुपये. जवळपास परिमंडळाच्या बचतीएवढाच! आणि हा फायदा बस खात नाही. आसपासच्या गावांतल्या, घर सोडून जाऊ न शकणाऱ्या स्त्रिया वर्षानुवर्षं टिकतात, हे ज्या तालुक्याला आकड्यांनी दाखवता येईल, त्याने स्वस्ताईचा उच्चारही करायची गरज नाही.

पण गळतीचा आकडा मनाचा लिहू नका. नंदुरबारमध्ये हजारो कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर गुजरातेत जातात. २०२५-२६ चा रोजगार हमीचा रोजचा दर महाराष्ट्रात ३१२ रुपये आणि गुजरातेत २८८ होता, तरी माणसं तिकडेच गेली. कारण मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, आणि हंगामभर काम पक्कं असतं. तालुक्यातल्या कामगाराच्या डोक्यात तुलना किमान वेतनाशी नसते. ती उचलीशी असते. पहिला पगार ४० दिवसांनी देणाऱ्या कारखान्यात म्हणून माणूस टिकत नाही. पहिले तीन महिने आठवड्याला पगार किंवा छोटी आगाऊ रक्कम दिली, तर खर्च काही वाढत नाही. हजेरीचंही तसंच. होळीच्या आधी आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार सुरू झाले की हजेरी कोसळणार, पेरणीतही पडणार. वार्षिक देखभालीची बंदी दिवाळीऐवजी होळीच्या आठवड्यात घ्या आणि साप्ताहिक सुट्टी आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवा. शिलाईच्या लाइनवर एक ओव्हरलॉकवाली (कापडाच्या कडा शिवणारी) आली नाही तरी पुढची सगळी मशिनं थांबतात, तेव्हा ही गोष्ट किरकोळ नाही.

आकडे आणायचे कुठून? राज्याची सरासरी घेऊ नका, तिच्यात पुणे-ठाणे मिसळलेलं असतं. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या केंद्रीय संघटनेच्या) संकेतस्थळावर आस्थापना शोधली की महिन्याचा भरणा आणि कामगारसंख्या दिसते. भरण्याला संख्येने भागा आणि चारने गुणा (कामगार आणि मालकाचा मिळून भरणा साधारण २५ टक्के असतो). पीएफला धरलेला सरासरी पगार मिळतो. अनेक मालक १५,००० च्या मर्यादेवरच पीएफ भरतात, त्यामुळे वरच्या पगारांना हा ताळा चालत नाही, खालच्यांना चांगला चालतो. मग दहा-बारा कारखान्यांत प्रत्यक्ष विचारा: कामाचं नाव, हातात पडणारा पगार, पाळीचे तास, ठेकेदाराचं कमिशन, गेल्या वर्षी सोडून गेलेले. सरासरीऐवजी मधला आकडा लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या श्रमसंहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. म्हणजे मूळ वेतन लहान ठेवून केलेले जुने तक्ते आता ग्रॅच्युइटीत खोटे ठरतात.

राज्याच्या उद्योगांसाठीच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतला जीएसटी परतावा किंवा वीज शुल्क माफी या तक्त्यात मिसळू नका. ती वेगळ्या पानावर, मुदतीसकट द्या. परताव्याची वर्षं संपतात, मजुरीचा खर्च कारखाना चालू आहे तोवर राहतो. ईएसआयसीचा दवाखाना किती किलोमीटरवर आहे तेही लिहा. पगारातून पैसे कापले जातात आणि दवाखाना दुसऱ्या तालुक्यात असतो, तेव्हा कामगारच कपातीला विरोध करतो आणि मालक ठेकेदारामार्फत कागदाबाहेरची माणसं ठेवू लागतो. जिल्हा उद्योग केंद्र, आयटीआय आणि तालुक्यातल्या उद्योजकांनी मिळून हा तक्ता वर्षातून चारदा, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये दुरुस्त करावा, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या तारखेचा आहे ते लिहावं.