आमच्या रुपयाची सोंड

आजोबांच्या ट्रंकेत १९१२ चा चांदीचा रुपया सापडला. पंचम जॉर्ज, मुकुट, दाढी, सगळं जागच्या जागी, आणि "नाणं अगदी नव्यासारखं आहे" यावर घरात एकमत झालं. आमच्या घरातलं ते शेवटचं एकमत.

रत्नागिरीत एका हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे घेऊन गेलो. पहिल्या टेबलवाल्याने डोळ्याला भिंग लावलं, रुपया ट्यूबलाइटखाली तिरका तिरका फिरवला आणि म्हणाला, "व्हीएफ." म्हटलं व्हेरी फाइन ना, मस्तच की! तर म्हणे दादा, व्हेरी फाइन म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं, आणि नुसतं गुड म्हणजे जवळजवळ गुळगुळीत. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर कायम गुड असायचं, त्याचा अर्थ असा चाळिशीत कळला.

त्याच्याच ट्रेमध्ये १९१२ चाच एक रुपया होता, जॉर्जची दाढी माझ्या रुपयावरच्यापेक्षा पातळ, आणि पाकिटावर लिहिलेलं एयूएनसी, म्हणजे जवळपास न वापरलेलं. हे कसं काय? "त्याचं लस्टर, म्हणजे मूळची चमक, बघा ना." बघितलं. दिसलं नाही. हे लस्टर बहुतेक टेबलाच्या त्याच बाजूने दिसत असावं.

दुसऱ्या टेबलवाल्याने आधी साल बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. "१९११ चं असतं तर..." मग गोष्ट सांगितली. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतक्या आखूड सोंडेचा काढला होता की लोकांना ते डुक्कर वाटलं, बोंबाबोंब झाली, सरकारने रुपया मागे घेतला आणि १९१२ पासून नीट सोंड काढली. आता त्या डुकरालाच भाव! म्हणजे आमच्या खापरपणजोबांनी पैसे साठवायला एक वर्ष उशीर केला. त्यात आमच्या हत्तीची सोंड वापरून वापरून झिजलेली, म्हणजे दिसायला डुक्कर आणि भाव मात्र हत्तीचा.

घरी आल्यावर नेटवर वाचत बसलो. नाण्यांच्या दर्जाला १ ते ७० आकडे द्यायची एक पद्धत असते, ती १९४९ मध्ये शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने काढली, तेसुद्धा तिकडच्या तांब्याच्या सेंटसाठी, आणि हिशोब असा की ७० नंबरचं नाणं १ नंबरच्या सत्तरपट किमतीचं. गृहस्थ मूळचा मानसशास्त्रज्ञ, आधी माणसांच्या शरीरयष्टीला १ ते ७ मार्क देत होता. नाण्यांनी निदान उलट उत्तर दिलं नसेल.

काकांना दाखवलं. काकांची हापूसची बाग आहे, त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट पेटीत किती डझन बसते यावरून कळते. दोन बोटांत धरून, वास घेऊन (हो, वास!) म्हणाले, "आठ डझनी." म्हणजे बारीक फळ, माल हलका. एवढा स्पष्ट निकाल दुसऱ्या कुणी दिला नव्हता. आणि टेबलाच्या कुठल्याही बाजूला न बसता!

शेवटी ठरवलं, रीतसर ग्रेडिंगला पाठवायचं, म्हणजे प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत आकडा छापून येतो, मग कुणाची काय बिशाद. पाकीट उघडलं तर रुपया पांढराशुभ्र, स्टीलच्या वाटीसारखा चकाकतोय. गणपती चार दिवसांवर आलेले आणि आईने देवांच्या चांदीबरोबर तोही रांगोळीने घासून काढलेला. घासलेल्या नाण्याला आकडाच मिळत नाही, नुसता "क्लीन्ड" असा शेरा येतो. शंभर वर्षांचा तो राखाडी काळपटपणा, ज्याला हे लोक टोनिंग म्हणून डोक्यावर घेतात, तो मोरीतून गेला.

"अगं आई, काय केलंस हे?"

"काळाकुट्ट झाला होता मेला. आणि ट्रंकेच्या तळाला अजून एक होता ना, तोपण घासला. त्याला तर जास्तच वेळ लागला. राजाच्या झग्यावर डुकरासारखं काहीतरी चिकटलं होतं, निघता निघेना."