वेगळं निघणाऱ्याला बोल का?

खानदेशात मुलगा-सून वेगळे निघाले की "आईबापाला टाकलं" म्हणून गावभर बोभाटा होतो. अखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप गटावर हाच वाद, आणि खापर फुटतं परदेशी रीतींवर. याची मला चीड येते. अमळनेरच्या जुन्या घरातून धुळे रोडच्या प्लॉटवर गेलेला मुलगा दोषी, म्युनिकला गेलेल्याचा मात्र गावात सत्कार.

इथे जर्मनीत वेगळं राहणं कुणाला खुपत नाही. प्फ्लेगेग्राड, म्हणजे किती देखभाल लागते त्याची अधिकृत पातळी, ठरला की मदतनीस घरी येतो. मुलाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख युरोच्या आत असेल, तर 2020 पासून सोत्सियालआम्ट (सरकारी समाजकल्याण कार्यालय) आईबापाच्या देखभालीचा खर्च त्याच्याकडून वसूल करत नाही. आपल्याकडे सगळा भार घरावरच, म्हणून निघण्याआधीची तयारी महत्त्वाची. त्यावर मात्र गटात कुणी बोलत नाही.

वडिलांच्या बँक खात्याला बहुधा मुलाचाच मोबाइल नंबर जोडलेला असतो. मुलगा गेला की ओटीपीही त्याच्याबरोबर जातो, म्हणून नंबर आधी बदला. शेतात राबून अंगठे झिजलेले असतात, रेशनच्या यंत्रावर उमटत नाहीत. धान्य आणायला कोण जाणार ते ठरवा. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार. तेही काढून ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या घरात जातो. कूलरमध्ये बादल्या ओतणं म्हाताऱ्या कमरेला झेपत नाही. नळापासून पाइप आणून टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह बसवा, टाकी भरली की पाणी आपोआप थांबतं.

सगळ्यात मोठा घोळ घराचा. मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये, अधिभार वेगळा. म्हणून भावनेच्या भरात सही होते. सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या. अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. अट लिहिलेली नसली की म्हाताऱ्यांना ती सिद्ध करत बसावं लागतं. याच कायद्याखाली आईबापाला पोटगीचा अर्ज मुलीविरुद्धही करता येतो, हेही सोयीस्करपणे विसरलं जातं.

आम्ही पैसे पाठवतो, व्हिडिओ कॉल करतो आणि त्यालाच सांभाळणं म्हणतो. गावावरचा हक्क सोडवत नाही, म्हणून तिथल्या वादात तोंडही घालतो. रात्री दोनला बापाच्या छातीत दुखलं, तर धुळे रोडवरचा मुलगा दहा मिनिटांत दारात असतो. आम्हाला मुंबईचं विमान मिळेपर्यंतच सकाळ होते. टाकलं म्हणायचंच असेल, तर आधी आम्हाला म्हणा.