फोटो टाका, मूल आपोआप शिकेल

ज्यांची मुले यंदा शाळेत जाऊ लागली आहेत, किंवा जाता जाता सहावी-सातवीपर्यंत पोहोचली आहेत, अशा पालकांसाठी काही अनुभवसिद्ध सूचना येथे देत आहे. शिक्षण आता डिजिटल झाले आहे, हे आपण सर्वांनी एकमताने मान्य केलेलेच आहे. पूर्वी मूल शाळेत जात असे, तेथे बसून काहीतरी शिकत असे, आणि ते कितपत शिकले हे पाहण्यासाठी वर्षातून दोन-तीनदा परीक्षा घेतली जात असे. ही फारच लांबची वाट होती. आता मूल शिकत असल्याचा फोटो पाठवला की भागते. मागच्या आठवड्यात एका रोपट्याच्या कृपेने मला या पद्धतीचे सगळे बारकावे कळले. ती हकीकत पुढे सांगतेच, आधी पूर्वतयारी पाहू.

सर्वप्रथम घर बदला. ज्या वाड्यावर रेंज नाही तेथे मूल वाढवणे हा त्या मुलावर अन्याय आहे. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या गोव्यातल्या सत्तरी आणि सांगे तालुक्यांतली मुले रेंजसाठी डोंगर चढत होती आणि त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत होती. त्याच वर्षी राज्य सरकारने दूरसंचार सुविधांचे धोरण आणले. पुढे ठिकठिकाणी टॉवरचे प्रस्ताव आले आणि त्यांतले काही आपण ग्रामसभा भरवून परतवूनही लावले, कारण रेंज आपल्या ओसरीत हवी असते आणि टॉवर शेजारच्या वाड्यावर. तेव्हा धोरणाची किंवा टॉवरची वाट पाहत बसू नका. मुख्य रस्त्याच्या बसथांब्यापाशी एखादी खोली भाड्याने मिळते का ते पाहा. का, ते पुढे कळेलच.

त्यानंतर नाव तपासा. तुमचे मूल तुमच्या समोर उभे आहे, भूक लागली म्हणून ओरडत आहे, हा काही त्याच्या अस्तित्वाचा पुरावा नव्हे. शाळांची माहिती साठवणाऱ्या 'युडायस प्लस' या सरकारी संकेतस्थळावरची नोंद आणि आधार कार्ड यांतले नाव अक्षराला अक्षर जुळले, तरच त्याला 'अपार' नावाचा 12 आकडी विद्यार्थी-ओळख क्रमांक मिळतो. आपल्या गोव्यात ही मोठी मौज आहे. आजोबांचा जन्म पोर्तुगीज दप्तरात नोंदलेला, त्यामुळे एकाच घरातले नाईक हे आडनाव कोणाच्या कागदावर 'के' अक्षराने संपते, तर कोणाच्या कागदावर 'क्यू-यू-ई' या तीन अक्षरांनी. शेट्यांचा 'श' एका कागदावर 'एस-एच' असतो आणि दुसऱ्यावर 'एक्स'. गावातल्या कोणालाही यामुळे माणूस ओळखायला कधी अडचण आली नव्हती, संगणकाला येते. नाव बदलून घेण्यासाठी गोव्यात 1990 सालचा स्वतंत्र कायदा आहे, त्याचा अभ्यास आत्तापासूनच सुरू करा. 'अपार'साठी पालकांनी द्यायची संमती ऐच्छिक आहे, असे केंद्र सरकारने स्वतः सांगितलेले आहे. मात्र संमतीपत्र न आणणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिली की ऐच्छिक गोष्टीसुद्धा दोन दिवसांत आटोपतात.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणतीही सूचना आली, तरी ती वाचण्यापूर्वीच हात जोडल्याचे चिन्ह टाकावे.

मुलाला फोन घेऊन द्या आणि तो अभ्यासासाठीच आहे असे त्याला बजावून सांगा. 2024 च्या 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणी अहवालासाठी ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलांना विचारले, तेव्हा 82 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या काही कामासाठी वापरला होता आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. यावरून आपले बजावणे किती प्रभावी ठरते हे दिसतेच.

आता ते रोपटे. ही सूचना सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे थोडी विस्ताराने देते.

रात्री साडेनऊ वाजता, म्हणजे मुले झोपायला आणि आया उद्याच्या डब्याची भाजी चिरायला बसतात त्या शुभमुहूर्तावर, ग्रुपवर सूचना आली. प्रत्येक विद्यार्थ्याने सकाळी दहाच्या आत गणवेशात, आईसह, रोप लावतानाचा फोटो सोबतच्या लिंकवर टाकावा. फोनचे लोकेशन चालू असावे. आधी काढून ठेवलेला फोटो चालणार नाही. तो जागेवरूनच काढून जागेवरूनच टाकावा. शंभर टक्के सहभाग अपेक्षित आहे. खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागली.

आमच्या घरामागे कुळागर आहे. सासऱ्यांनी लावलेले माड आहेत, पोफळी आहेत, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली आहेत, ओहोळाच्या कडेला जायफळ आहे. मागच्या पावसात माझ्या मुलीने आजीच्या हाताखाली पोफळीची रोपे लावली, त्यांतली बहुतेक जगली, आणि कोणत्या रोपाच्या बुंध्याशी पाणी तुंबू द्यायचे नाही हे तिला आता माझ्यापेक्षा अधिक कळते. पण त्या दिवशी कोणी फोटो काढला नव्हता. फोटो काढला असता तरी तो जुना झाला असता, आणि नवा काढायचा तर कुळागरात रेंज येत नाही. म्हणजे पर्यावरण शिकायचे तर जेथे झाडे आहेत तेथून आधी बाहेर पडले पाहिजे.

तेव्हा भर पावसात मुलीला गणवेश घालून, वर रेनकोट चढवून, पिशवीतले एक रोप आणि कुदळ पायाशी ठेवून मी स्कूटर बसथांब्याकडे काढली. तेथे आमच्या आधीच इतर पालक आलेले होते. एका सद्गृहस्थांनी खड्डा खणून ठेवला होता आणि त्यांच्याच रोपावर काम चालले होते. एक मूल उकिडवे बसे, आई शेजारी बसून रोपाला हात लावी, बाप छत्री धरून फोटो काढी, 'हात जरा खाली घे, झाड दिसू दे' असे म्हणे, मूल हसे, रोप उपसले जाई आणि पुढच्या मुलाच्या हातात दिले जाई. एका मुलाची आई वेर्ण्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेली होती. सूचनेत आई लिहिलेली असल्यामुळे माझ्या शेजारणीने त्याची आई म्हणून बसून घेतले. लिंकला काहीच खटकले नाही. तिला खड्डा तोच, रोप तेच आणि लोकेशनही तेच असल्याचे जाणवले नाही, फक्त एका फोटोचा आकार ठरल्यापेक्षा मोठा आहे हे तेवढे तिने लगेच ओळखले आणि त्या मुलाला पुन्हा हसावे लागले.

आमची पाळी आली तेव्हा मुलगी खाली वाकून माती बघत म्हणाली, "आई, येथे खाली सगळी खडी आहे, हे जगणार नाही." ती बरोबर सांगत होती. त्या संपूर्ण कार्यक्रमात वनस्पतीशास्त्राचे बोललेले ते एकच वाक्य होते, पण लिंकमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. रकाना होता तो विद्यार्थ्याच्या नावाचा, इयत्तेचा, आईच्या भ्रमणध्वनीचा, आणि 'या उपक्रमातून तुम्हाला काय वाटले' याचा. त्याची चार उत्तरे आधीच दिलेली होती आणि चारही आनंदाची होती.

मग गोल फिरणारे ते चक्र. ते फिरत होते, फोनवरून पाणी ओघळत होते, कोणीतरी ओरडत होते की दहाला लिंक बंद होणार, आणि बाई ज्याला त्याला फोन करून विचारत होत्या की हिरवी खूण आली का. बाईंचा मला राग नाही. त्यांना वरून विचारणारे कोणीतरी होते आणि त्या वरच्यालाही आणखी वरून. हिरवी खूण एकदाची सर्वांना मिळाली. दुपारपर्यंत शाळेने शंभर टक्के सहभागाची पाटी ग्रुपवर झळकवली आणि संध्याकाळी मुलीच्या नावाने प्रमाणपत्रही आले. त्यावर ती पर्यावरणाची रक्षक असल्याचे म्हटले होते आणि आडनावाचे स्पेलिंग चुकलेले होते. आम्ही निघालो तेव्हा रोप खड्ड्याशेजारी आडवे पडलेले होते आणि ते नेमके कोणी घरी न्यायचे याचा निर्णय होत नव्हता. यात मुले काय शिकली, असे कोणी कृपा करून विचारू नये. पुरावा तयार कसा करावा, हे ती शिकली. अकराव्या वर्षी. आपल्यातल्या कित्येकांना सरकारी नोकरी लागेपर्यंत हे जमले नव्हते.

असो. रागावून उपयोग नाही. आपण सल्ला देत होतो.

निबंध मुलाला स्वतः लिहू देऊ नका. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय आला की फोनला सांगावे, तो अर्ध्या मिनिटात लिहून देतो. आमच्या शेजारच्या मुलाने तसा निबंध आणला होता, तो मी वाचला. त्यात मातीचा सुगंध दरवळत होता, मोर पिसारा फुलवून थुईथुई नाचत होता आणि शेतकरीदादा आभाळाकडे पाहून आनंदाश्रू ढाळत होता. हा मुलगा पावसाळ्यात पहाटे उठून काकाबरोबर रानात अळमी, म्हणजे वारुळावर उगवणारी अळंबी, शोधायला जातो, वारुळ कसे ओळखावे हे त्याला ठाऊक आहे, सापडलेली जागा तो सख्ख्या मित्रालाही सांगत नाही, आणि मागच्या वर्षी त्यांच्या गोठ्यावर माड पडला होता. यातले निबंधात काहीही नव्हते. त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले. हाच मोर पूर्वी गाईडमध्येही नाचत असे, हे मला मान्य आहे. पण निदान तो हाताने उतरवून काढावा लागे आणि उतरवता उतरवता एखाद्याला शंका येत असे की आपल्या रानात असे काही होत नाही.

शाळेत रोबो आला असल्यास त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यावा. 2021 पासून राज्यात कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना चालू आहे, कल्पना चांगली आहे, आणि जेथे शिक्षकाला वेळ मिळतो तेथे मुले त्यातून खरोखर काही करतात. वेळ न मिळाल्यास फोटो आहेच.

स्वीडनसारख्या मागासलेल्या देशाने 2023 साली शाळांतून पडदे कमी करून पुन्हा छापील पुस्तकांवर पैसा खर्च करायला सुरुवात केली, तशा बातम्या मुलांच्या कानांवर पडू देऊ नयेत.

मूल वाचत बसलेले दिसले तर लगेच दोन मिनिटांचा व्हिडिओ काढावा. 'वाचन आनंद' उपक्रमासाठी तो केव्हाही लागू शकतो. व्हिडिओ झाल्यावर त्याने वाचत राहिलेच पाहिजे असे नाही.

आणि आता सूचना पुरे झाल्या. हे सगळे वाचून तुम्ही हसला असाल आणि 'अगदी आमच्याच शाळेसारखे' असे म्हणून पुढच्या ग्रुपवर पाठवायलाही निघाला असाल, म्हणून स्पष्टच बोलते. हे सारे शिक्षण खात्याने एकट्याने आणलेले नाही, तुम्ही ते मागून घेतलेले आहे. शाळेत आज काय शिकवले असे तुम्ही बाईंना कधी विचारत नाही. सहलीच्या फोटोत माझा मुलगा मागे का उभा आहे, हे मात्र त्याच रात्री विचारता. शेजारच्या शाळेच्या पानावर रोज दहा फोटो येतात आणि आमच्या शाळेच्या पानावर एकही येत नाही, म्हणून मूल तिकडे घालता, आणि इकडची मराठी प्राथमिक शाळा पटाअभावी बंद पडली की भाषेच्या नावाने गळा काढता. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणारी बाई दिवसाचा किती वेळ माहिती भरण्यात घालवते, हे एकदा जाऊन पाहा. तुमच्या मुलाचा गुणाकार चुकतो तो त्या वेळात चुकतो.

आणि खात्यातल्या साहेबांनो, शंभर टक्क्यांचा आकडा रात्री मागवला की सकाळी तो मिळतोच, कारण तुम्हाला नाही म्हणण्याची कोणाची छाती नाही. त्या आकड्यात किती झाडे आहेत, ते एखाद्या पावसानंतर गाडीतून उतरून मोजा. मुलांना खोटे हसायला आणि उपसलेले रोप लावल्याचे दाखवायला तुम्ही लावले आहे, आम्ही पालकांनी छत्री धरली आहे आणि शिक्षकांनी मान खाली घातली आहे. हे तिघांनाही माहीत आहे आणि मुलांनाही माहीत आहे, तरी कोणालाही लाज वाटत नाही.

रात्री नऊनंतर आलेल्या सूचनेला 'उद्या जमणार नाही' असे तीन शब्दांचे उत्तर लिहायला तुम्हाला काय होते? कोणी मुलाला शाळेतून काढणार नाही. ऐच्छिक संमतीपत्रावर सही करायची नसेल तर 'सही करत नाही' असे लिहून द्या, खाली तारीख घाला. पालक-शिक्षक संघाची पुढची सभा आली की उभे राहून विचारा: यंदा फोटोंच्या कामात शिक्षकांचे किती तास गेले, आणि ते तास कोणत्या विषयाच्या तासिकांतून काढले? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि त्या दिवशी तरी फोन घरी ठेवून या. सभेचे फोटो शाळा काढणारच आहे.